मुलं झोपली की मेली? रॉबर्ट कूवर कसा वाचायचा

संध्याकाळी सात चाळीसला एक मुलगी एका घरी येते. दहा मिनिटं उशीर झालेला. घरातले नवराबायको पार्टीला निघालेत. दोन मुलं आणि एक तान्हं बाळ तिच्या भरवशावर ठेवून जाणार आहेत. मुलांना जेवू घालायचं, आंघोळ घालायची, झोपवायचं, मग टीव्ही बघत बसायचं आणि मंडळी परतली की पैसे घेऊन घरी जायचं. अमेरिकेत शाळा-कॉलेजातल्या मुली हे काम सर्रास करतात.

पुढे काय होतं? ती मुलांना झोपवते आणि टीव्हीसमोर बसते. तिचा मित्र एका दोस्ताला घेऊन घरात घुसतो आणि प्रकरण भयंकर वळणावर जातं. किंवा ते दोघं येतच नाहीत, गावात पिनबॉल खेळत नुसते बेत रचत राहतात. घरमालक पार्टीतून काहीतरी निमित्त काढून परत येतो. किंवा येत नाही, फक्त यायचं मनात घोळवतो. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात सगळं आलबेल असतं. मुलीला डुलकी लागलेली असते आणि बाईसाहेब स्वयंपाकघरातून आनंदाने ओरडतात की भांडीसुद्धा घासून झालीत. शेवटच्या परिच्छेदात त्याच बाईंना कळतं की मुलांचे खून झालेत, नवरा पळालाय, न्हाणीघराच्या टबात एक प्रेत आहे आणि घराची वाट लागलीय. त्यावर बाई म्हणतात, बघू या, रात्रीचा उशिराचा सिनेमा कोणता लागलाय.

या गोष्टीचं नाव ‘द बेबीसिटर’. ती 1969 साली ‘प्रिकसाँग्ज अँड डिस्कँट्स’ या संग्रहात आली. लेखक रॉबर्ट कूवर. हा माणूस ऑक्टोबर 2024 मध्ये इंग्लंडमध्ये वारला, वय 92. त्याच्यावरच्या मृत्युलेखांत मेटाफिक्शन, पोस्टमॉडर्न, हायपरटेक्स्ट असे शब्द खच्चून भरलेले होते. एका वाचनवेड्या मैत्रिणीने ते वाचून मला विचारलं, “हे सगळं ठीक आहे, पण हा लिहायचा काय?” हा लेख म्हणजे तिला दिलेलं जरा लांबलेलं उत्तर.

‘प्रायोगिक’ म्हणजे दुर्बोध का?

आपल्याकडे ‘प्रायोगिक’ म्हटलं की छोटं नाट्यगृह, अर्ध्या रिकाम्या खुर्च्या आणि बाहेर पडताना एकमेकांची नजर चुकवणारे प्रेक्षक, असं काहीसं चित्र डोळ्यांपुढे येतं. कूवरच्या बाबतीत ते बाजूला ठेवावं लागेल. त्याची वाक्यं सोपी असतात. ‘बेबीसिटर’मध्ये एकही वाक्य असं नाही जे दोनदा वाचावं लागेल. घोळ होतो तो वाक्यं एकापुढे एक ठेवल्यावर.

त्यासाठी एकच पारिभाषिक शब्द समजून घेऊ, तो म्हणजे मेटाफिक्शन. आपण गोष्ट आहोत हे न लपवणारी गोष्ट. तमाशातला वग आठवा. राजाचं काम करणारा नट छाती पुढे काढून हुकूम सोडत असतो आणि सोंगाड्या मध्येच प्रेक्षकांकडे वळून सांगतो की महाराज कालच माझ्याकडे बिडी मागत होते. हशा पिकतो. गंमत अशी की त्यानंतरही वग मोडत नाही. राजा राजाच राहतो. पण आता आपल्याला राजाही दिसतो आणि मुकुटाचा पुठ्ठाही. कूवरने आयुष्यभर हेच केलं. फरक इतकाच की त्याच्याकडचा राजा कधी देव असतो, कधी अमेरिकेचा इतिहास, तर कधी परीकथेतली झोपलेली राजकन्या.

मग खरं काय घडलं?

‘बेबीसिटर’ मी पहिल्यांदा वाचली ती झेरॉक्सवर. वाचून झाल्यावर पेन्सिल घेऊन बसलो. तिच्यात शंभरावर छोटे परिच्छेद आहेत. म्हटलं, यातले खरे कोणते आणि कोणाच्या मनातले कोणते, हे खुणा करून वेगळं काढू. घरमालकाच्या स्वप्नरंजनाला ‘मा’, पोरांच्या बेताला ‘पो’, टीव्हीवरच्या दृश्यांना ‘टी’, खऱ्याला बरोबरची खूण. विसाव्या परिच्छेदापर्यंत मजेत चाललं होतं. चाळीसच्या पुढे एकेका परिच्छेदाला तीन-तीन खुणा लागायला लागल्या. शेवटी तो कागद दहावीच्या मुलाच्या कच्च्या वहीसारखा दिसायला लागला आणि मी पेन्सिल ठेवून दिली.

चूक माझ्या गृहीतकात होती. लग्नात पंगतीला भांडण झालं की आठ दिवसांत त्याच्या चार आवृत्त्या फिरतात. आत्या एक सांगते, मामी दुसरंच. तरी आपल्याला खात्री असते की भांडण झालं ते एकच, फक्त सांगणारे चार आहेत. नीट चौकशी केली तर मूळ प्रकार कळेल. कूवरच्या गोष्टीच्या पोटात असा मूळ प्रकार नाहीच. सगळ्या आवृत्त्या सारख्याच खऱ्या, किंवा सारख्याच खोट्या. टीव्हीवरचा वेस्टर्न, हेरपट, प्रेमपट आणि घरातली संध्याकाळ एकाच पातळीवर चालू असतात, जणू कोणीतरी रिमोट घेऊन सतत चॅनल बदलतंय. एवढंच की त्यातला एक चॅनल म्हणजे हे घर. शेवटाजवळ घरमालक त्या मुलीलाच विचारतो, “त्या बेबीसिटरची बातमी ऐकलीस का?” तिने थोडीफार ऐकलेली असते.

संग्रहाचं नावच याची किल्ली आहे. जुन्या युरोपीय संगीतात प्रिकसाँग म्हणजे कागदावर उतरवून ठेवलेली चाल आणि डिस्कँट म्हणजे त्या चालीवर वरून घेतलेला दुसरा सूर. आपल्या कानाला समजेल असं सांगायचं तर बंदिश आणि तिच्यावरच्या ताना. सातवी तान ऐकताना आपण कोणी विचारत नाही की यातली खरी तान कोणती. गोष्टीच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न आपण हटकून विचारतो. का, हा कूवरचा सवाल.

याच संग्रहातली ‘द एलेव्हेटर’ ही गोष्ट पाहा. मार्टिन नावाचा माणूस रोज सकाळी लिफ्टने चौदाव्या मजल्यावरच्या ऑफिसात जातो. गोष्टीचे तुकडे पंधरा. एका तुकड्यात सहकारी त्याची टर उडवतात, एकात लिफ्ट कोसळते, एकात तो लिफ्टच्या आत जणू देवच होतो. लिफ्टने जाणाऱ्या कोणालाही हे नवं नाही. दार बंद झाल्यापासून आपला मजला येईपर्यंत आपणही मनात साताठ गोष्टी रचून मोकळे होतो. कूवरने त्यातली एक निवडायला नकार दिला, इतकंच.

एका अर्धवट चिठ्ठीतून निघालेला धर्म

हे वेड त्याच्या डोक्यात कुठून शिरलं, याचा माग काढायचा तर कोळशाच्या खाणीपाशी जावं लागतं.

कूवरचा जन्म 1932 चा, आयोवातल्या चार्ल्स सिटीचा. वडील वर्तमानपत्रात. पुढे कुटुंब दक्षिण इलिनॉयमधल्या हेरिन या खाणींच्या गावी आलं आणि वडील तिथल्या पेपरचे संपादक झाले. 21 डिसेंबर 1951 रोजी जवळच्या वेस्ट फ्रँकफर्टमधल्या ओरिएंट क्रमांक 2 या खाणीत स्फोट झाला. 119 कामगार गेले. नाताळ चार दिवसांवर होता. कूवर तेव्हा 19 वर्षांचा.

पंधरा वर्षांनी, 1966 साली, त्याची पहिली कादंबरी आली, ‘द ओरिजिन ऑफ द ब्रूनिस्ट्स’. तिला पहिल्या कादंबरीसाठीचा फॉकनर पुरस्कार मिळाला. कादंबरीत गाव काल्पनिक आहे. खाणीत स्फोट होतो आणि अडकलेल्यांपैकी जिओवान्नी ब्रूनो नावाचा एकच अबोल माणूस जिवंत निघतो. मेलेल्यांत एक धर्मोपदेशक असतो. त्याने गाडल्या अवस्थेत बायकोला चिठ्ठी लिहिलेली असते. आपण सगळे प्रभूसमोर एकत्र उभे राहू, तारीख अमुक महिन्याची 8, असं काहीतरी तो लिहायला गेला आणि महिन्याचं नाव लिहिण्याआधीच संपला.

आता या चिठ्ठीचं काय करायचं? मरणाऱ्या माणसाचा हात मध्येच थांबला, असं म्हणता येईल. पण उरलेल्यांना ते पुरत नाही. कोणत्या महिन्याची 8 तारीख? एकटा ब्रूनोच का वाचला? कोणी आकडे जुळवतं, कोणाला आवाज ऐकू येतात, आणि स्थानिक पेपरचा संपादक खप वाढतोय म्हणून आगीत तेल ओततो. बघता बघता एक पंथ उभा राहतो आणि डोंगरावर जमून जगबुडीची वाट बघू लागतो.

माझ्या मते कूवरचं पुढचं सगळं लेखन या चिठ्ठीत आहे. माणसाला अर्धवट वाक्य सहन होत नाही. तो ते पुरं करतो, मग आपणच पुरं केलंय हे विसरतो, आणि मग त्या वाक्यासाठी जीव द्यायला किंवा घ्यायला तयार होतो. एरवी साध्या असलेल्या गोष्टी धोकादायक होतात त्या या विसरण्यामुळे. कूवर पुठ्ठा दाखवत राहतो तो याच कारणासाठी.

(जाता जाता एक धागा. कूवर 1953 साली इंडियाना विद्यापीठातून पदवीधर झाला. पुढे याच विद्यापीठात आपल्या मराठीतले लेखक विलास सारंग यांनी तुलनात्मक साहित्यात पीएच.डी. केली. यापेक्षा जास्त काही मी त्यातून काढणार नाही. नाहीतर मीही ब्रूनिस्ट.)

पुस्तक-क्रिकेट आणि देव

शाळेत मागच्या बाकावर पुस्तक-क्रिकेट खेळलेल्यांसाठी कूवरची दुसरी कादंबरी जणू मुद्दाम लिहिलेली आहे. आठवतंय ना? पुस्तक कुठेही उघडायचं, पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आलं की आऊट. आम्ही वहीच्या मागच्या पानांवर संघ लिहायचो, सरासरी काढायचो. आणि गावसकर पहिल्याच चेंडूवर शून्यावर गेला की इकडेतिकडे बघून हळूच पुस्तक पुन्हा उघडायचो.

‘द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन’ ही 1968 ची कादंबरी. नायक जे. हेन्री वॉ, वय 56, एका फर्ममध्ये हिशेबनीस, एकटा राहणारा. त्याने तीन फासे आणि भलेमोठे तक्ते यांच्यावर चालणारी बेसबॉलची अख्खी लीग बनवली आहे. रोज रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर फासे टाकायचे, निकाल नोंदवायचे. त्याचे खेळाडू म्हातारे होतात, निवृत्त होतात, मरतात, त्यांची मुलं खेळायला येतात. कागदावर लीगचा 56 वा हंगाम चालू आहे. खेळाडूंची गाणी आहेत, राजकारण आहे, भानगडी आहेत.

डेमन रदरफर्ड नावाचा पोरगेला पिचर, आपल्या भाषेत गोलंदाज, एके दिवशी ‘परफेक्ट गेम’ टाकतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचे ओळीने 27 फलंदाज येतात आणि एकही पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, पोचत नाही. खऱ्या बेसबॉलमध्ये दीडशे वर्षांत हे दोन डझनांच्या आसपास वेळाच घडलंय. हेन्री वेडा होतो. डेमन त्याला पोटच्या मुलासारखा वाटू लागतो. आणि मग एका सामन्यात डेमन फलंदाजीला उभा असताना फासे पडतात एक-एक-एक. तीन फाशांवर तीन एक पडण्याची शक्यता 216 त एक. तेही लागोपाठ पडतात आणि प्रकरण ‘असाधारण घटनां’च्या तक्त्यावर जातं. तक्ता सांगतो, जॉक केसीने टाकलेला चेंडू फलंदाजाच्या डोक्यात, फलंदाज ठार.

हेन्री काय करू शकतो? पुस्तक पुन्हा उघडू शकतो. फासे परत टाकले तर बघणारं कोणीच नाही. पण मग उरलेल्या सगळ्या हंगामांना अर्थ काय राहिला? नियम पाळावा तर मुलगा गेला, मोडावा तर जगच गेलं. तो कामावर जाईनासा होतो. एकुलत्या मित्राला खेळायला बोलावतो तर तो टेबलावर बीअर सांडून ठेवतो. शेवटी एका रात्री तो एकदाच, हाताने, फासे सहा-सहा-सहा असे मांडून ठेवतो. या वेळी टोलवलेल्या चेंडूने मरतो तो जॉक केसी.

नायकाचं नाव रोमन लिपीत लिहून बघा. जे, एच, डब्ल्यू आणि शेवटचा एच. ज्यू परंपरेत जे नाव उच्चारत नाहीत त्या चार अक्षरी ईश्वरनामाशी हे जुळतं. हेन्री हा त्या जगाचा देव आहे, आणि हा देव दारू पितो, रडतो. शेवटच्या प्रकरणात शंभरेक वर्षं उलटलेली आहेत आणि हेन्री पानांवरून गायब आहे. उरलेत फक्त खेळाडू. डेमनच्या मृत्यूचा आता वार्षिक उत्सव झालाय आणि तरुण खेळाडू घोळक्याने वाद घालतात की हे मूळ घडलं तरी होतं का, की नुसती दंतकथा. शिव-पार्वतीच्या सारीपाटाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना फासे टाकणारा देव नवा नाही. सोंगट्यांना संशय येतो, हे मात्र मी इथे प्रथम वाचलं.

खऱ्या माणसांशी असं खेळायचं?

इथपर्यंत ठीक, काल्पनिक माणसं आहेत, म्हणून सोडून देता येतं. 1977 साली कूवरने खऱ्या माणसांना हात घातला.

ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग या जोडप्यावर अणुबाँबची गुपितं सोव्हिएत रशियाला पुरवण्याच्या कटाचा आरोप होता. 19 जून 1953 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या सिंग सिंग तुरुंगात दोघांना विजेच्या खुर्चीवर देहान्त देण्यात आला. दोन लहान मुलं मागे राहिली. ‘द पब्लिक बर्निंग’ या कादंबरीत कूवर ती खुर्ची तुरुंगातून उचलून थेट टाइम्स स्क्वेअरमध्ये आणून ठेवतो. रोषणाई, गाणीबजावणी, पुढच्या रांगेत बडी मंडळी. अंकल सॅम, म्हणजे व्यंगचित्रांत अमेरिकेचं प्रतीक म्हणून काढतात तो म्हातारा, हे इथे चक्क हाडामांसाचं, शिवराळ पात्र आहे. ‘टाइम’ साप्ताहिक हे राष्ट्रकवी आहे. आणि जवळपास निम्मी कादंबरी सांगतो तो तेव्हाचा उपराष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन. हा निक्सन चिडका, न्यूनगंडाने पछाडलेला, आणि मध्येच एथेलच्या प्रेमातबिमात पडणारा. शेवटी तो भर चौकात पँट घोट्यापर्यंत उतरलेल्या अवस्थेत गर्दीसमोर उभा राहतो.

निक्सन तेव्हा हयात होता, राजीनामा देऊन तीनच वर्षं झालेली. प्रकाशकांच्या वकिलांना घाम फुटला आणि पुस्तक या दारातून त्या दारात फिरत बराच काळ रखडलं.

इथे रास्त आक्षेप येतो. दोन माणसं खरोखर मेली, त्यांची सर्कस कशी करता? शिवाय 1995 मध्ये अमेरिकेने खुल्या केलेल्या सोव्हिएत तारसंदेशांवरून ज्युलियस हेरगिरीत होता असंच दिसतं. एथेलचा त्यात किती हात होता, यावर अजून वाद आहे. मग कूवर चुकला का?

कादंबरी दोषी-निर्दोषचा निवाडा करतच नाही. तिचं म्हणणं असं की सर्कस आधीच झाली होती. खटला, वर्तमानपत्रं, भाषणं, शेवटच्या दिवसाची वेळ साधायची घाई, हे सगळं आधीच नाट्य होतं, फक्त कोणी तंबू दाखवत नव्हतं. म्हणून कूवर अध्यक्ष आयझेनहॉवर यांची खरी वक्तव्यं उचलतो आणि नुसत्या ओळी तोडून कवितेसारखी छापतो. शब्द त्यांचेच, पण अचानक ते मंत्रासारखे ऐकू येतात. आणि गंमत म्हणजे, या सगळ्या जत्रेत वाचकाला शेवटी थोडीफार दया येते ती निक्सनची. व्यंगचित्र काढायला बसलेल्या माणसाने नकळत माणूस काढला, असं मला दर वाचनात वाटतं. पुस्तक लांब आहे, मधली काही प्रकरणं अंगावर येतात. तरी त्याचं हे एक पुस्तक ठेवायचं झालं तर मी हे ठेवीन.

ही नुसती चलाखी तर नाही ना?

कधीकधी आहे. परीकथा उलट्यापालट्या करण्याचा त्याला पुढे पुढे नाद लागला आणि प्रत्येक वेळी जमलंच असं नाही. ‘ब्रायर रोझ’ ही 1996 ची छोटी कादंबरी जमलेली आहे. राजपुत्र काटेरी जाळीत अडकलाय, राजकन्या झोपेत आहे आणि स्वप्नातली म्हातारी तिला तिचीच गोष्ट पुन्हा पुन्हा, दर वेळी वेगळी, सांगते. काही आवृत्त्या ऐकवत नाहीत अशा. राजकन्येची तक्रार एकच, ही खरी नव्हे, खरी सांग.

हे हुबेहूब घरचं आहे. आजी भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगताना कधी वाघ आधी आणायची, कधी कोल्हा, आणि आम्ही पांघरुणातून ओरडायचो, “काल कोल्हा नंतर होता!” मुलांना गोष्ट बदललेली खपत नाही, मोठ्यांनाही नाही. कूवरला त्या ओरडण्यातच रस होता.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. त्याच्या गोष्टींत बायकांचं काय होतं? ‘बेबीसिटर’मधल्या मुलीला नावसुद्धा नाही. घरमालक, मित्र, मित्राचा मित्र, सगळ्यांच्या कल्पना तिच्या अंगावर खेळतात, आणि त्यांतल्या बऱ्याच बलात्काराच्या आहेत. समर्थक म्हणतात की गोष्ट त्या नजरेला उघडं पाडते. पाडतेही. पण उघडं पाडताना तीच नजर इतक्या वेळा, इतक्या चवीने वापरली जाते की काही पानांनंतर मुद्दा आणि चव यांतला फरक पुसट होतो. पुढच्या काही पुस्तकांत तर फारच. या कारणाने कोणी त्याला बाजूला ठेवलं तर मी वाद घालणार नाही.

कॉम्प्युटरवरची कादंबरी फसली, मग?

आता मृत्युलेखांतला आणखी एक शब्द. हायपरटेक्स्ट म्हणजे एखाद्या शब्दावर क्लिक केलं की दुसऱ्या मजकुरावर नेणारा मजकूर. विकिपीडियावर पुरणपोळी वाचायला जाऊन तासाभराने आपण तुर्कस्तानच्या इतिहासात निघतो, तेच हे. 1990 च्या सुमारास हे तंत्र सामान्य वाचकाला ठाऊक नव्हतं. ब्राउन विद्यापीठात शिकवणाऱ्या कूवरच्या मनात आलं की आपण वीस वर्षं कागदावर जी कसरत करतोय, ती या यंत्राला उपजतच येते. त्याने विद्यार्थ्यांना घेऊन हायपरटेक्स्ट कथालेखनाचा वर्ग सुरू केला आणि जून 1992 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ग्रंथ-पुरवणीत एक निबंध लिहिला. शीर्षक होतं, पुस्तकांचा अंत. साहजिकच पुस्तकवाले खवळले.

त्यात त्याचा मुद्दा असा होता. छापील ओळ डावीकडून उजवीकडे, पहिल्या पानाकडून शेवटच्या पानाकडे वाचकाला ढकलत नेते. लेखक पुढे आणि वाचक मागे, वारीतल्या दिंडीसारखे. हायपरटेक्स्टमध्ये वाचक कुठेही वळू शकतो, म्हणजे वाचकही गोष्टीचा थोडाफार कर्ता होतो.

पुस्तकं संपली नाहीत हे आपण बघतोच आहोत. आणि कूवरनेही ते लवकर ओळखलं. सातच वर्षांनी, 1999 मध्ये, अटलांटामधल्या एका परिषदेत त्याने जाहीर केलं की साहित्यिक हायपरटेक्स्टचं सुवर्णयुग येऊन गेलंसुद्धा. वेब आलं, चित्रं आली, वेग आला, आणि एका जागी बसून शब्द वाचणारा माणूस विरळ होत गेला. त्याच्या स्वतःच्या कादंबऱ्या तर कागदावरच राहिल्या.

पण तो थांबला नाही. 2002 पासून त्याने ब्राउनमध्ये ‘केव्ह’ नावाच्या खोलीत लेखनाचा वर्ग चालवला. भिंतींवर प्रतिमा पडतात, डोळ्यांना खास चष्मा, आणि अक्षरं तुमच्याभोवती हवेत. तिथे नोआ वॉर्ड्रिप-फ्रुइन याने कूवर आणि इतरांसोबत ‘स्क्रीन’ ही कलाकृती केली. आधी भिंतींवर स्मृतींविषयीचा मजकूर दिसतो, कोणीतरी तो वाचून दाखवतं. मग एक शब्द भिंतीवरून सुटून तुमच्याकडे येतो. हाताने टोला दिला की परत जाऊन चिकटतो. मग दोन येतात, मग दहा. शेवटी हात अपुरे पडतात आणि सगळा मजकूर ढासळतो. विसरायला होणं म्हणजे काय, हे यापेक्षा नेमकेपणाने सांगणारं काही मला आठवत नाही, आणि त्यात वाचण्यासारखं फार थोडं आहे.

उलट टोकाला, त्याने एक गोष्ट चक्क पत्त्यांवर छापली. 2005 च्या ‘अ चाइल्ड अगेन’ या संग्रहाच्या मागच्या खिशात बदामाचे तेरा पत्ते मिळतात. शीर्षकाचा पत्ता पहिला ठेवायचा, जोकर शेवटचा, मधले तेरा हवे तसे पिसायचे. बदाम राजाचे गोड पदार्थ कोणी चोरले, याची ती गोष्ट. कुठल्याही क्रमाने लावले तरी एका पत्त्याचं वाक्य पुढच्यात नीट शिरतं, आणि चोर कोण हे तुमच्या पिसण्यावर ठरतं. याला वीज लागत नाही.

सुरुवात कुठून करावी?

हजारभर पानांची ‘द ब्रूनिस्ट डे ऑफ रॅथ’ ही पहिल्या कादंबरीची पुढची कथा तब्बल 2014 साली आली, तिच्यापासून मुळीच नको. बेसबॉलच्या कादंबरीला खेळाचे नियम फारसे ठाऊक नसले तरी चालतं, वहीत सरासरी काढलेली असली की पुरे. ‘पब्लिक बर्निंग’ दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवा.

पण सगळ्यात आधी ‘गोइंग फॉर अ बीअर’ वाचा. ‘न्यूयॉर्कर’मध्ये 2011 साली आलेली ही गोष्ट एका सलग परिच्छेदाची आहे. एक माणूस बीअर प्यायला जावं असा विचार करायला लागतो, आणि त्याच सुमारास त्याच्या लक्षात येतं की आपण बारमध्ये बसून बीअर पितोच आहोत. पुढे सगळं असंच. एखादी गोष्ट करावी असं मनात येतं तोवर ती होऊन गेलेली असते. बाई भेटते, तिच्या दांडग्या मित्राचा मार बसतो, लग्न होतं, मोडतं, दुसरं होतं, मुलं होतात, आणि प्रत्येक क्रियापद मागच्याला जेमतेम संपू देतं. मधलं काही जगल्याचं त्याला आठवत नाही.

मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा गॅसवर चहा टाकला होता. त्या माणसाचं आयुष्य संपलं आणि चहाला नुकती उकळी आली.